आढीतल्या फोपट्या

२४ जून
फोपटीची रोपं आज लावली. वीस आमच्या परसात. बाकीची वाटली, बायकांच्या संघातल्या अकरा घरांत चार-चार. दुपारी पाऊस जरा थांबला होता तेवढ्यात उरकलं. शेवटच्या परीक्षेच्या वेळी बेळगावच्या बाजारातून आणलेल्या फळांचं बी. कुस्करून, धुऊन, राखेत वाळवून ठेवलं होतं. रानातल्या फोपटीचं कवचातलं फळ वाटाण्याएवढं, हिचं मोठ्या बोराएवढं होतं.

बाबा ओट्यावरून बघत होते. "बी.एस्सी. करून फोपट्याच लावायच्या हुत्या तर एवढी बुकं कशाला? रानात फुकट हायत की."

थोरली काकी कळकाच्या कामट्या घेऊन आली आणि न सांगता कुंपण घालायला बसली. आमची भिंत आणि तिची भिंत एकच. थोरले काका गेले तेव्हापासून ती घर एकटीनं ओढते. दहावीनंतर बाबा 'बास' म्हणाले होते तेव्हा हीच आमच्या दारात ठाण मांडून बसली होती. "पोर शिकंल. न्हाईतर मी हितनं उठणार न्हाई." घरातलं पहिलं कॉलेज मी केलं ते तिच्या त्या बसण्यावर.

११ जुलै
सहा दिवस पाऊस. गोगलगाईंनी आठ रोपं खाल्ली. वाफा सपाट केला होता, पाणी साचलं. पुस्तकात 'निचरा होणारी जमीन' असं एक वाक्य असतं. आपल्या जमिनीला ते कोण सांगणार.

मंगल वैनीनं बघितलं आणि कुदळ घेऊन आली. बाळूदादाची बायको, म्हणजे काकीची सून. माहेर अणशीच्या बाजूचं, आमच्यापेक्षा दाट जंगलातलं. वाफा गुडघ्याएवढा उंच करून दिला, कडेनं राख टाकली. म्हणाली, "रेणू, झाडाला पाय धुवायचे नसतात, कोरडे ठेवायचे असतात." आत काकी ओरडत होती, "मंगल, माझा चहा!" ही ओरडली, "आत्त्या, तुमचा चहा काय पळून जायला न्हाई!" दिवसभर दोघी अशा. ऐकणाऱ्याला वाटेल भांडण आहे.

लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. त्यावरून वाडीत काय बोलतात ते तिला माहीत आहे.

४ ऑगस्ट
फुलं. पिवळी, घशाशी पाच तपकिरी डाग, मान खाली घातलेली. एका पेरात एकच.

संघाची बैठक आमच्याच ओसरीवर घेतली. ताटात तीन फांद्या ठेवल्या. एक आपली. दुसरी कामुनीची : फुलं पांढरी, फळं काळी आणि घोसात, वर कवच नाही. तिसरी नदीकडच्या वाटेवर उगवते ती : कवच तसंच दिसतं, पण फूल निळं, आणि आतलं फळ कोरडं. म्हटलं, निळं फूल दिसलं की उपटायचं, चाखून बघायचं नाही. पानं कुठल्याच झाडाची खायची नाहीत, आपल्यासुद्धा. कच्चं फळ पोटाला बाधतं.

पार्वतीबाय म्हणाली, "बाई गे, आमी ल्हानपनी सगळंच खाल्लं. आमी मेलो काय?"
मंगल : "मेला न्हाईसा, पन बगा कशी डोस्की झाल्यात."
सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं, पण मला हवं होतं की त्यांनी हे लक्षात ठेवावं. शिकवताना हसणं झालं की विषय निसटतो असं वाटत राहतं. बहुतेक हा माझाच दोष.

२९ ऑगस्ट
कागद तयार केला. चार दिवस लागले. मोठ्या अक्षरात, चित्र काढून :
१. फूल पिवळं आणि आत डाग असेल तरच आपलं झाड.
२. पानं, देठ, कवच खाऊ नये.
३. कवच हिरवं तोवर फळ कच्चं. कवच वाळून कागदासारखं झालं की फळ पिकलं.
४. लहान मुलांना एकट्यानं तोडू देऊ नये.

रामनगरला जाऊन अकरा प्रती काढल्या आणि प्रत्येक घरात चुलीजवळच्या भिंतीवर खळीनं चिकटवल्या. काकी वाचू शकत नाही. तिला तिसरा नियम दोनदा म्हणून दाखवला, तिनं मला म्हणून दाखवला. "कवाच वाळलं की फळ पिकलं." परत येताना फार बरं वाटलं. शिकल्याचं काहीतरी कुणाच्या तरी भिंतीवर लागलं.

१९ सप्टेंबर
वांदरं आली. पंचवीस-तीस तरी असतील. पार्वतीबायचे पेरू एका सकाळीत संपले, आमच्या भोपळ्याचे वेल खाली ओढले. बाबा डबा वाजवत पळत होते, ती कौलांवर बसून बघत होती.

दुपारी सगळ्या वाडीत तोडणी. हे दर वर्षीचं. इथं काहीच झाडावर पिकू देत नाहीत. केळी, पेरू, आंबे, सगळं हिरवंच काढायचं आणि माळ्यावर भाताच्या गवतात आढी घालायची. आई म्हणाली, "तुझ्या फोपट्या पन काढ, न्हाईतर उद्याला कवाचं तेवडी ऱ्हातील." मी काढल्या नाहीत. जुनं लुगडं झाडांखाली पसरलं, वरून जाळी बांधली. गळून पडलेल्याच घेणार.

संध्याकाळी काकीकडे मीठ मागायला गेले तर ती माळ्यावर. केळीच्या घडाशेजारी गवतात पाटीभर फोपट्या, हिरव्यागार कवचातल्या. म्हणाली, "ह्यास्नी पन उबेत घातल्या." मला हसू आलं. काकीचं सगळ्याला एकच औषध.

३० सप्टेंबर
लुगड्यावर रोज ओंजळभर पडतात. कवच सोललं की आत मधाच्या रंगाचं फळ, जरा चिकट. चिकटपणा धुऊन घ्यावा लागतो.

आज पहिला मुरंबा. दोन शेर फळं, सव्वा शेर गूळ, एक लिंबू. बाटल्या आधी पाण्यात उकळून घेतल्या, उन्हात पालथ्या वाळवल्या. फळं फुटेपर्यंत मंद आच, मग गूळ. थंड ताटलीवर थेंब टाकून तिरपी करायची, ओघळला नाही की झालं. सहा बाटल्या. एका बाटलीला तडा गेला, गरम रस ओतताना ओट्यावरची फरशी थंड होती म्हणून. तो मुरंबा सगळ्यांनी भाकरीशी खाल्ला. बाबांनी दोनदा घेतला आणि काहीच म्हणाले नाहीत. म्हणजे आवडला.

न सोललेली फळं कवचासकट टोपलीत पसरून ठेवली आहेत. महिना-दीड महिना टिकतात म्हणे. बघायचं.

७ ऑक्टोबर
काकीला दुपारपासून उलट्या. पोटात पिळवटतं आहे. बाळूदादा जीप आणायला गेला आहे.

८ ऑक्टोबर
जोयड्याच्या दवाखान्यातून आत्ता आले, आईला तिथं बसवून. सलाईन चालू आहे. काकीला साखर आहे, त्यात अंगातलं पाणी गेलं. लघवी होत नाही. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस गेल्याशिवाय सांगता येणार नाही. हात गार होते. मी चोळत बसले. तिला मी आहे हे कळत नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मंगल वैनी म्हणाली, भाकरी आणि चटणी. कसली? फोपटीची. हिरव्या टोमॅटोची करतो तशी, मिरची-लसूण घालून वाटलेली. काकीनं वाटीभर खाल्ली, दात नाहीत म्हणून भाकरी त्यातच कुस्करून. बाळूदादानं बोटभर चाटली, त्याचंही पोट दुखलं. मंगलनं खाल्ली नाही, तिचे नवरात्राचे उपास.

डॉक्टर : "पिकलेली होती का कच्ची?"
मंगल : "पिकलेली. कवाच वाळलेलं हुतं."
माझ्याकडे बघून म्हणाली.

९ ऑक्टोबर
सकाळी काकीच्या माळ्यावर चढले. आढीत अजून शंभरेक फोपट्या. कवचं वाळलेली, पिवळट, कागदासारखी, अगदी मी चित्रात काढली होती तशी. एकेक सोलली. आत हिरवी. काही फिकट हिरवी, मऊ पडलेली, पण हिरवीच.

गवताच्या उबेनं कवच वाळलं. फळ नाही पिकलं. आंबा काढला तरी पिकतो, केळ पिकतं, हे एवढं कोवळं तोडलं की नाही पिकत. झाडावर दोन्ही बरोबर होतात म्हणून मी कवचावरून ओळखायला सांगितलं. आत बघायला सांगितलंच नाही. गळून पडलेलं घ्या असं लिहिलं नाही. मी स्वतः लुगडं पसरून गळलेलीच घेत होते, आणि कागदावर ते नाही.

इथं सगळं आढीत घालतात हे मला माहीत नव्हतं असंही नाही. मी इथंच जन्मले. आणि १९ तारखेचं पान मागं जाऊन वाचलं. हसू आलं असं लिहिलं आहे.

१० ऑक्टोबर
काकीनं डोळे उघडले. लघवी झाली. डॉक्टर म्हणाले आता भीती कमी आहे. आई बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडली.

११ ऑक्टोबर
शांताक्का खानापूरहून आली. काकीची मुलगी, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिनं मंगलला समोर उभं केलं.

"चटनी कुनी केली?"
"मी."
"मग तू का खाल्ली न्हाईस?"
"उपास हुता, अक्का."
"बरा हुता तुझा उपास."

बाळूदादा चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता. मी पेजेचा डबा घेऊन चार पावलांवर होते. तोंड उघडलं होतं. शांताक्कानं माझ्याकडे बघून म्हटलं, "रेणू, तू शिकलेली हैस, तूच सांग, सासूला वाटीभर घालून सून उपाशी ऱ्हाती व्हय?" मी म्हटलं, "उपास असतोच की." एवढंच. बाकीचं आत राहिलं.

१३ ऑक्टोबर
काल दसरा. सोनं वाटायला कुणी कुणाकडे गेलं नाही.

आज नळावर चर्चा. पोर न्हाई म्हणून सासू बोलायची, तिचा राग काढला. अणशीकडच्यांना मुळ्या-पाल्याचं सगळं ठाऊक असतंय. पार्वतीबायसुद्धा मान हलवत होती. मी गेले की आवाज खाली यायचा, आणि मग कुणीतरी म्हणायचं, "तू एवढा कागुद लावून दिलास, तरी बग." म्हणजे माझा कागद बरोबर, मंगल चूक.

घागर अर्धी भरली होती, तशीच घेऊन आले.

१४ ऑक्टोबर
मंगल वैनीला तिचा भाऊ घेऊन गेला. बाळूदादानं फोन करून बोलावलं होतं. "थोडं दिस ऱ्हाऊन येऊ दे." एक पिशवी आणि एक गाठोडं. थोड्या दिवसांना गाठोडं लागत नाही.

ती आमच्या दारासमोरून गेली. मी आत होते, दाराच्या मागे. थांबली की काय असं वाटलं. पैंजणाचा आवाज एक क्षण बंद झाला, मग परत सुरू झाला.

१६ ऑक्टोबर
काकी घरी. अंगावर कातडं लोंबतंय. पेज दोन घोट. पहिलं वाक्य : "मंगल कुठाय?" शांताक्का म्हणाली, माहेरी गेली. काकीनं भिंतीकडे तोंड केलं.

१८ ऑक्टोबर
आईला सांगितलं. भात कापायला चाललो होतो, बांधावर. सगळं सांगितलं, कवच, आढी, तिसरा नियम.

आई विळा हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "हे कुनाला बोलू नको."
"मंगल वैनीचं घर मोडायला लागलंय, आई."
"आनि तुझं? तुझं अजून बसायचं हाय. तुझ्या बाबानं लोकांचं ऐकून घिऊन तुला शिकिवलं. शिकून हिनं थोरलीला मारायला घाटली, असं म्हनतील. बाळू काय तिला सोडनार न्हाई. चार दिसांनी आनंल."
"नाही आणली तर?"
आई कापायला लागली. नेहमीपेक्षा भराभर.

तिचं खोटं नाही. ती माझ्यासाठीच बोलते. हेच अवघड आहे.

१९ ऑक्टोबर
दिवसभर कापणी. बोटं सुजली. बरं झालं, विचार करता येत नव्हता.

२१ ऑक्टोबर
घरोघर जाऊन कागद काढायला सुरुवात केली. खळ घट्ट बसली आहे, नखानं खरवडावं लागतं.

पार्वतीबाय चुलीपाशीच होती. "का गे, भिंत कशाला उकरायलीस?"
"कागद चुकलाय, काकू."
"काय चुकलं?"
सांगितलं. पहिल्यांदा घराबाहेर कुणाला तरी. तिनं ऐकून घेतलं, मग फुंकणी खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "म्हंजे विख तू घाटलीस म्हन की."
मी म्हटलं, "व्हय."
तिला बहुतेक थट्टा करायची होती. माझं 'व्हय' ऐकून तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "माज्या पन आढीत हुत्या. चव कडू लागली म्हनून कोंबड्यांफुडं टाकल्या. त्यांनी पन न्हाई खाल्ल्या. मी तुला बोल्ले न्हाई, म्हटलं शिकलेल्या पोरीला काय सांगायचं."

हे वाक्य दिवसभर डोक्यात आहे. तिनं सांगितलं असतं तर. पण तिला सांगावंसं वाटू नये असं मी काहीतरी केलं असणार.

राहिलेले नऊही काढले. काकीच्या भिंतीवरचा सोडून.

२३ ऑक्टोबर
आज सांगितलं. काकीच्या घरी, बाळूदादा आणि शांताक्कासमोर. हातात आढीतली एक फोपटी घेऊन गेले होते. त्यांच्यासमोर सोलली. बाहेरून वाळलेली, आतून हिरवी. "मंगल वैनीनं मी सांगितलं तेच केलं. चूक माझी."

मला वाटलं होतं ओरडतील. शांताक्का हसली. "कसं सांगून घेतलं बग तिनं हिच्याकडनं. रेणू, तू भोळी हैस. बी.एस्सी. झालेली पोर एवडी चुकंल व्हय? तू वैनीला पाठीशी घालायलीस."

मी म्हटलं, बी.एस्सी. झालेली चुकते. मीच चुकले.

"हिरव्या हाईत हे तिला वाटताना दिसलं न्हाई?"
"हिरव्या टोमॅटोची पण चटणी करतोच की आपण. टोमॅटोच्याच जातीचं आहे असं मी संघात म्हटलं होतं."
"बग, समद्याचं उत्तर पाठ हाय."

खरं सांगितलं तर ते खरं वाटायला हवं होतं. ज्या शिक्षणामुळे त्यांनी माझा कागद लावून घेतला त्याच शिक्षणामुळे आता माझी चूक मानत नाहीत. बाळूदादा एवढंच म्हणाला, "जाऊ दे. आता काय उपेग." आणि उठून गोठ्यात गेला.

काकी खाटेवर. डोळे मिटलेले, पण झोपली नव्हती. पापण्या हलत होत्या.

२५ ऑक्टोबर
शांताक्का खानापूरला परत गेली. दुपारी काकी एकटी होती. मी पाय चेपायला बसले.

"काकी, आढीत तू घातलीस ना?"
"व्हय."
"आणि चटणी कर म्हणून तूच सांगितलंस?"
"तोंडाला चव न्हवती गे. मंगल म्हनाली, आत्त्या, आतनं हिरव्या दिसत्यात, रेणूला इचारून येऊ? म्या म्हटलं, कवाच वाळलंय, रेणूनं सांगितलंय, तू लई शानी हैस व्हय."

म्हणजे मंगलला शंका आली होती. ती विचारायला येणार होती. माझ्याच नियमानं तिला गप्प केलं.

"हे बाळूदादाला सांग की, काकी."
"पोराफुडं कसं सांगू? म्हातारी जिभेपायी मरत हुती म्हनंल. शांता तर उभ्या जल्मात इसरायची न्हाई." मग माझा हात धरला. "ती येतीया गे. येतीया परत. तू नगं काळजी करू."

जी बाई माझ्यासाठी उपाशी बसली असती ती हे बोलते. मला तिचा राग यायला हवा. आला पण. पाय चेपत राहिले.

४ नोव्हेंबर
दिवाळी झाली. बाळूदादा पाडव्याला सासुरवाडीला गेला नाही. रामनगरला मित्रांकडे होता, दोन दिवस.

संघात कुणी फोपटी ठेवायला तयार नाही. सात घरांनी उपटून टाकली. मी अडवलं नाही. आमच्या परसातली बारा झाडं आहेत, त्यातली आठ काढली. चार ठेवली. बाबा म्हणाले, "तीबी काढ." मी म्हटलं, नाही, झाड खोटं बोललेलं नाही. बाबांनी पहिल्यांदा मला नीट बघितलं. त्यांना आईनं सगळं सांगितलेलं दिसतं.

टोपलीतली कवचासकट ठेवलेली आज तपासली. महिना झाला, चाळीसातली तीन बुरसली, बाकी ठणठणीत आणि आणखी गोड. प्रत्येक सोलून, पिवळी बघून मगच तोंडात टाकली. आता अशीच खाणार, एकेक.

६ नोव्हेंबर
अणशीला जाऊन आले. सकाळची बस, मग चार किलोमीटर पायी. मंगल वैनीचं माहेर म्हणजे डोंगराच्या उतारावर एकच घर, खाली भाताचं खळं. ती मळणीच्या कामात होती. मला बघून पदरानं तोंड पुसलं. बस म्हणाली नाही, पण पाणी आणलं.

मी सगळं बोलले. कागद, नियम, घरी सांगितलं ते, कुणी ऐकलं नाही ते. काकी काय म्हणाली तेही. हे सांगावं की नाही असं बसमध्ये ठरत नव्हतं, पण समोर आल्यावर लपवता येईना.

तिनं ऐकलं. मग : "मी गेले त्या दिवशी तू घरात हुतीस न्हवं?"
"होय."
"दार उगडतीस काय म्हनून थांबले मी."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तीच पुढे म्हणाली,

"तुझा कागुद मला वाचता येत न्हाई रेणू. मी कन्नड साळंची. तू सगळ्यास्नी वाचून दाखवलीस, मला न्हाई. तुला वाटलं, मंगलला समजतंय सगळं, मस्करी करती म्हंजे."

खरं आहे. अकरा घरं म्हणून अकरा कागद काढले. घरात कितीजणी आहेत ते मोजलंच नाही.

परत ये म्हटलं. म्हणाली, "मी आपनहून गेले न्हाई, आपनहून येनार न्हाई. ज्यानं धाडलं त्यानं दारात यावं. आनि उपासाचं इचारू नये."

निघताना तिच्या आईनं टोपलीभर कोनाचे कंद दिले, मातीसकट. मी नको म्हणत होते. "घी गे, एवड्या लांब आलीस," म्हणाली. मंगल खळ्यावरूनच बघत होती. हात केला नाही. पण काम थांबवून बघत होती, वळणापर्यंत.

८ नोव्हेंबर
मंगल जे बोलली ते बाळूदादाला शब्दाला शब्द सांगितलं. तो कुऱ्हाडीला धार लावत होता. थांबला नाही. "तिला एवडा ताठा हाय तर," म्हणाला आणि वाक्य सोडून दिलं.

नवा कागद लिहायला घेतला. गळून पडलेलं, कवच वाळलेलं, सोलल्यावर आत पिवळं किंवा केशरी. तिन्ही पाहिजेत, एक नसलं तरी टाकायचं. तोडून आढीत घालू नये. कडू लागलं की थुंकायचं आणि मला येऊन सांगायचं, मी कितीही शिकलेली असले तरी. खाली हेच कन्नडमध्ये. माझं कन्नड अक्षर वाईट आहे. कुणाला लावायला देणार तेही माहीत नाही. तरी लिहिला.

१३ नोव्हेंबर
आज तुळशीचं लगीन. संध्याकाळी काकीच्या अंगणात दहा-बारा घरची माणसं. काकी पहिल्यांदा खाटेवरून उठून वृंदावनापाशी पाटावर बसली. दरवर्षी ऊस, चिंचा, आवळे मंगल मांडायची. यंदा मी मांडले. उसाचा मांडव एका बाजूला कलला, दोनदा बांधला.

अक्षता झाल्या. पार्वतीबाय सहज म्हणाली, किंवा सहज नसेल, "यंदा सून न्हाई, मांडव वाकडा झाला."

काकी म्हणाली, "सून न्हाई ती माझ्यापायी न्हाई."

कुणाला नीट ऐकू गेलं नाही. तिनं परत म्हटलं, मोठ्यानं. "फोपट्या आढीत म्या घाटल्या. चटनी कर म्हनून मागं म्या लागले. ती नगं म्हनत हुती. माजी जीभ चाळवली, आनि नाव तिचं झालं." श्वास लागला होता. थांबत थांबत बोलली. "ह्या पोरीनं सांगितलं तर तुमास्नी खोटं वाटलं. आता माजं पन वाटू दे."

चिंचेचं एक बुटुक हातात धरून मी उभी. बाबा माणसांच्या मागून पुढे आले, काकीला धरून आत नेलं. बाळूदादा अंगणाच्या कडेला होता. त्याचं तोंड अंधारात होतं.

१४ नोव्हेंबर
सकाळी काकीकडे गेले. बाळूदादाची गाडी नाही. कुठं गेला विचारलं तर काकी म्हणाली, सांगून न्हाई गेला. चहाला पन थांबला न्हाई. धुतलेला शर्ट घालून गेला.

रामनगरला जातानाही तो धुतलाच शर्ट घालतो. हे आम्ही दोघीही बोललो नाही.

काकीनं मला कणगीतून तांदूळ काढायला सांगितलं. गेला महिनाभर ती दोघांचे काढायला सांगते, दीड माप. आज माप स्वतःच्या हातात घेतलं. दीड सुपात ओतलं, थांबली, आणखी अर्धं भरलं. त्यातलं थोडं परत कणगीत टाकलं. मग परत घेतलं.

"वाईच खडे बग," म्हणाली.

मी निवडायला बसले. ती उंबऱ्यात बसली, रस्त्याकडे तोंड करून. अकराची बस येऊन गेली. एक-दोन गाड्या गेल्या, त्या आमच्या नव्हत्या.

तांदूळ निवडून झाले. चूल अजून पेटवलेली नाही.